अठरा कोणी म्हणायचं

“त्या ताई मुक्या हायत्या का गं?”

“मुक्या न्हाईत. इंग्लिश मीडियमच्या हायत्या.”

“मंग मराठी कळत नसंल.”

“कळतं की. आत्ता हसल्या बघ.”

मी हसले नव्हते. हसू दाबताना ओठ वाकडे झाले असतील, एवढंच. जेऊर स्टेशनच्या फलाटावर एकाच बाकाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला दोन मुली, अशा आम्ही पाठीला पाठ लावून बसलो होतो. एक सानिया, जी पुढच्या चार दिवसांत झोपेतसुद्धा बोलताना आढळली. दुसरी ऋतुजा. तिच्यामुळे मी हे लिहायला बसले आहे.

माझी प्रभाआत्या करमाळा तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना एकदा तरी डोंगर दाखवायचा, असं तिने वर्षभर मनात धरलं होतं. ज्वारीची काढणी संपेपर्यंत कोणतंही घर पोर सोडायला तयार नव्हतं, म्हणून सहल शिमग्यानंतर ठरली. आठ मुलगे आणि नऊ मुली. मुलींच्या घरच्यांची एकच अट होती, आत्याखेरीज आणखी एक बाई बरोबर हवी. तिच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई ऐन वेळी तापाने झोपल्या आणि आत्याचा फोन सोलापुरात सात रस्त्याला आमच्या घरी आला. “तुला काही करायचं नाही, नुसतं शेवटी चालायचं,” असं ती म्हणाली, म्हणून मी हो म्हटलं. मी घरी बसून एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. आठवड्यात माझा फोन दोनदा वाजला तर खूप. नुसतं शेवटी चालणं मला जमण्यासारखं वाटलं.

गाडी यायच्या आधी ऋतुजाचे आजोबा आत्याशी बोलायला आले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. गावातली शाळा सातवीला संपते. पुढे करमाळ्याला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकावं लागतं. ऋतुजाला जायचं होतं. तिचे आई-वडील चाकणला कामाला, त्यामुळे घरातला निर्णय आबांचा.

“बाई, मी काय म्हंतो,” आबा म्हणाले, “ही चार दिस भाईर ऱ्हाऊन नीट माघारी आली, कुटं काय घोटाळा केला न्हाय, तर करमाळ्याचं बघू. न्हायतर हाय त्ये बरं हाय. घरी बी कामं हायत.”

“घोटाळा कशाला करंल ती,” आत्या म्हणाली.

“तिला सरळ जायची लई घाई असती,” आबा म्हणाले. या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्याच दिवशी कळला.

लोणावळ्याच्या पुढे

प्रवासाचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. पुण्यात गाडी बदलली, लोणावळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर झोपलो आणि पहाटे उजाडायच्या आत राजमाचीच्या वाटेला लागलो. पंधरा-सोळा किलोमीटर चालून किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीला मुक्काम करायचा होता.

माने सर पुढे. ते गणित शिकवतात आणि गळ्यात शिट्टी घालून फिरतात. मधे आत्या. आणि अगदी शेवटी मी. प्रत्येक वळणावर सर थांबून शिट्टी मारणार, मुलांनी पुढून मागे आपापला आकडा ओरडायचा, एक ते सतरा, आणि अठरा मी. माझा आकडा पुढे ऐकू गेला की दोन शिट्ट्या आणि रांग हलायची.

पहिल्या वळणावर माझी वेळ आली तेव्हा मी “अठरा” म्हटलं. माझ्या मते बऱ्यापैकी मोठ्याने. पुढून काहीच आलं नाही. मी पुन्हा म्हटलं.

“मागं कोण हाय का न्हाय?” सरांचा आवाज आला.

माझ्या पुढेच चालणाऱ्या ऋतुजाने, म्हणजे सतराने, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग डोकं वर करून तिने अशी काही आरोळी दिली, “अठराऽऽ!” की झाडावरचा एक भारद्वाज उडून गेला. दोन शिट्ट्या झाल्या.

“ऱ्हाऊ द्या ताई,” ती म्हणाली. “मीच म्हणत जाईन. माझा आवाज ज्वारीत तयार झालाय.”

तसंच झालं. त्यानंतर प्रत्येक वळणावर ती “सतरा, अठरा” असं एका दमात म्हणायची आणि मी नुसती मान हलवायची. इतकी सोय माझी आजवर कोणी केली नव्हती.

उजाडलं तसा रस्ता दिसायला लागला. आमच्या सोलापूरकडे मार्चमध्ये जमीन भाजून निघालेली असते. काढलेल्या ज्वारीची धसकटं आणि वर पांढरं आभाळ. इथे मात्र झाडांना एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं होतं. काटेसावरीला पान एक नाही आणि फुलं लालभडक. कुसुंबाची कोवळी पालवी इतकी तांबडी, की ओंकार नावाचा मुलगा म्हणाला, “ह्या झाडाला शिमग्याचा रंग टाकलाय कुनीतरी.” करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या आणि त्यांचा वास वाटेवर साचून राहिला होता. मुलं प्रत्येक झाडाखाली थांबत, खायचं काही आहे का ते बघत, नसेल तर पुढे जात.

माझे नवे बूट टाचेला चावायला लागले होते. दुकानात डोंगरासाठी खास म्हणून दिलेले. मुलं चपलांवर होती आणि उड्या मारत होती. मी लंगडते आहे हे सानियाने ओळखलं. तिने माझी टाच बघितली, आपल्या जुन्या ओढणीची पट्टी फाडली आणि बांधून दिली. “अम्मी म्हणती, पाय दुखायला लागला की तोंड बी दुखतं. म्हणून तुमी बोलत नसाल,” ती गंभीरपणे म्हणाली.

आठच्या सुमारास एका मोकळ्या कड्यापाशी न्याहारीला बसलो. प्रत्येकाच्या फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. समोर दरी होती. ऋतुजा उठली, कड्यापासून चार पावलं मागे उभी राहिली आणि सहज म्हणून तिने पाखरं हाकायची हाक दिली. “हाऽऽय हुर्रऽऽ!”

ज्वारी दाण्यात आली की यांच्याकडे शेतात उंच माळा बांधतात. मुलं वर चढून गोफण घेऊन दिवसभर पाखरं राखतात. ही त्यातली हाक होती.

दरीतून ती परत आली. “...हाऽऽय हुर्रऽऽ.”

सतराच्या सतरा मुलं खायची थांबली.

“तितं कोन हाय?” ओंकारने विचारलं.

आत्याने समजावून सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही. सपाट मुलखात हाक गेली की गेली. ती परत येते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग प्रत्येकाने ओरडून पाहिलं. कोणी स्वतःचं नाव, कोणी आईचं, ओंकारने माने सरांचं. डोंगराने सरांचं नाव परत दिलं तेव्हा सरांनीही भाकरीवरून मान वर केली.

“ताई, तुमी बी मारा की,” ऋतुजा म्हणाली.

मी मान हलवली.

“शब्द नसत्यात ह्याला. नुसता वारा सोडायचा. पोटातनं.” तिने माझ्या पोटावर हात ठेवून दाखवलं. सगळे बघत होते. मी केलं नाही.

वळणावर

तिथून अर्ध्या-पाऊण तासाने झाडी विरळ झाली आणि समोर एकदम किल्ला दिसला. दोन टेकाडं, मधे खिंड. सकाळच्या उन्हात इतकी जवळ, की वरच्या भिंतीचे दगड वेगळे दिसत होते. वाट मात्र तिथून डावीकडे वळून दरीला लांबचा वळसा घालत होती. मुलं वळली. ऋतुजा थांबली.

“ताई, किल्ला तर ह्यो हितं. सर तिकडं कशाला चालल्यात?”

मी खांदे उडवले.

“आमी शेतातनं येताना जेऊरचा सिग्नल दिसला की नाकासमोर चालत सुटतो. बांध आडवा आला तर बांध वलांडायचा. रस्त्यानं गेलं की दुप्पट पडतं.” तिने करवंदीच्या जाळीतून खाली जाणारी गुरांची एक पायवाट बघून ठेवली होती. “मी हिकडनं जाते. तुमच्या आधी पोचून तितं बसते बघा.”

आणि ती गेली. पिवळी ओढणी जाळीत दोनदा दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. नेमकी तेव्हाच मागून माझ्याच वयाची पाच-सहा मुलं-मुली पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन आली. आपापसांत इंग्रजीत बोलत, हसत. माझ्याकडे बघून त्यातली एक मुलगी ‘हाय’ म्हणाली. त्यांच्यासमोर गळा काढून “ऋतुजा, परत ये” असं ओरडायचं माझ्याने झालं नाही. ही मंडळी पुढे जाऊ देत, मग ओरडते, असं मी ठरवलं. ती मंडळी गेली तेव्हा जाळी हलायची थांबली होती.

पुढे शिट्टी झाली. आकडे सुरू झाले. पंधरा. सानियाचा सोळा. मग गप्प. सानियाने वळून पाहिलं. वळणावर तिला फक्त मी दिसले असणार. मागे ऋतुजा चपलेचा अंगठा नीट करत असेल, असं समजून तिने आपणच आरोळी दिली, “सतरा, अठराऽऽ!”

दोन शिट्ट्या. रांग हलली.

तो आकडा खोटा होता आणि ते फक्त मला माहीत होतं. पुढची दहा मिनिटं मी चालत राहिले. ती पुढे वाटेला येऊन मिळेल, आपल्याला हसेल, असं मी स्वतःला सांगत होते. मला भीती वाटत होती ती दरीची नव्हती. रांग थांबवायची, सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघायचं, याची होती. आज हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या वळणावर सानिया पुन्हा म्हणाली, “सोळा, सतरा, अठराऽऽ!”

मी धावत जाऊन तिचा दंड धरला. “सतरा नाहीये,” मी म्हणाले. “ऋतुजा नाहीये.”

मी मुलांशी बोललेलं ते पहिलं वाक्य. सानिया माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला आधी मी बोलले याचंच आश्चर्य वाटलं, आणि मग मी काय बोलले ते कळलं.

आत्या बाकीच्यांना घेऊन सावलीत बसली. सर, मी, सानिया आणि ओंकार मागे पळालो. गुरांची वाट खाली उतरून तीन फाट्यांत फुटली होती. सरांनी शिट्टी मारली. खूप वेळ काही नाही. मग लांबून, अगदी बारीक, “हाऽऽय हुर्रऽऽ.”

आवाज डावीकडून आला होता. तसाच उजवीकडूनही आला. सर उजवीकडच्या वाटेने धावले, कारण तिकडचा जास्त मोठा वाटला. ओंकार जागेवर उभा राहून डोळे मिटून ऐकत होता.

“सर चुकल्यात,” तो म्हणाला. “आधी येती ती खरी. मागनं येती ती डोंगराची. डावीकडं हाय ती.”

“पुन्हा ओरडू दे तिला, मग कळंल,” सानिया म्हणाली. पण पुढची हाक येईना. सानियाने “ऋतेऽऽ” म्हणून ओरडून पाहिलं. सकाळपासून बडबडून आणि ओरडून तिचा घसा बसला होता. दुसऱ्या हाकेला नुसती हवा निघाली. ओंकारचा आवाज फुटण्याच्या वयातला, मधेच चिरकत होता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पोटावर हात ठेवला. शब्द नसतात याला, ती म्हणाली होती. मी वारा सोडला.

काय आवाज निघाला ते मी सांगू शकत नाही. ओंकार नंतर म्हणाला की म्हैस अडल्यासारखा होता. पण तो दरीत गेला, डोंगराला लागला आणि परत आला. आणि मग डावीकडून, ताबडतोब, तिची हाक आली. मी परत दिली. तिने परत दिली. अशा हाका देत-घेत आम्ही झाडीतून उतरत गेलो.

ती एका सपाट खडकावर अंजनीच्या झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती. झाड निळ्या-जांभळ्या फुलांनी मढलेलं होतं आणि काही फुलं तिच्या केसांत पडली होती. तिच्या पायापासून हातभर पुढे खडक संपत होता. त्याच्या पुढे काही नव्हतं. खाली, फार खाली झाडांचे शेंडे. आणि त्याच्या पलीकडे, तितकाच जवळ, किल्ला.

“ताई,” ती म्हणाली, “किल्ला हितंच हाय. पर मधी जमीनच न्हाय.”

मी तिला मागे ओढलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. ती रडत नव्हती. वर मुख्य वाटेला लागल्यावर, सगळी मुलं लांबून दिसल्यावर, तेव्हा तिला रडू आलं.

“आबांना सांगू नका ओ ताई. त्यानी ऐकलं तर करमाळा ग्येलं माझं. पाया पडते.”

मी मान हलवली. तिने तो होकार समजला.

उधेवाडी

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या जनाकाकूंनी सगळ्या पायांवर पाणी घातलं आणि पानात वाफाळता भात वाढला. भात, वरण, नाचणीची भाकरी, पापड. आमची मुलं भाताच्या ढिगाकडे बघत बसली.

“भाकरीच्या आधीच भात?” ओंकारने विचारलं.

“आमच्याकडं भातच जेवण,” काकू म्हणाल्या. “भाकरी तोंडाला चव म्हणून.”

“आमच्याकडं उलटं हाय. भाकरी जेवण आन् भात सणाला.”

काकूंनी त्यांची कडक भाकरी हातात घेऊन वाजवून पाहिली. “ही पापडासारखी काय रं? किती दिवसांची?”

“आठ दिवसाची. अजून आठ दिवस टिकंल.” ओंकारने ती वरणात चुरून काकूंना खायला लावली. काकूंनी सावकाश चावून सांगितलं की वाईट नाही, पण दात आपले हवेत.

संध्याकाळपर्यंत मुली काकूंच्या घराभोवती फिरत होत्या. उतरत्या कौलांचं छप्पर त्यांना मान्य नव्हतं. आमच्याकडे घरांना सपाट धाबं असतं.

“काकू, उन्हाळ्यात तुमी झोपता कुटं?”

“घरात. दुसरीकडं कुठं?”

“छपरावर न्हाय?”

काकू इतक्या हसल्या की त्यांना खांबाला धरावं लागलं. “वर चढली तर घरंगळत खाली येईन की गं. आणि पावसाळ्यात हे पाणी जायचं कुठून?” पाऊस इतका पडतो की घराचा आकारच त्याप्रमाणे ठरवावा लागतो, याचा मुलींनी बराच वेळ विचार केला.

ऋतुजा या सगळ्यात नव्हती. ती ओट्याच्या टोकाला बसून होती. आत्या तिला रागावली नाही, सरही नाही. सर फक्त माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “उद्यापासून अठरा तुमचा तुम्ही म्हणा.” त्यांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी किल्ला चढताना माझा आकडा आला. ऋतुजाने “सतरा” म्हटलं आणि ओठ मिटले. मी पोटावर हात ठेवला. “अठरा!” मुलांनी वळून पाहिलं. कोणी हसलं नाही. ओंकारने फक्त अंगठा वर केला आणि दोन शिट्ट्या झाल्या.

वरून सगळा मुलूख दिसला. डोंगरांमागे डोंगर, फिकट होत गेलेले. आमच्याकडे लांब बघायचं म्हणजे लिंबाचं झाड, त्याच्यामागे दुसरं लिंबाचं झाड. ऋतुजाने बराच वेळ खाली दरीत बघून बोटाने आमची कालची वाट काढून दाखवली. कुठे वळली, कुठे झाडीत शिरली, कुठे परत बाहेर आली.

“त्यो माझा खडक,” तिने दाखवलं. “हितनं बघितलं की कळतंय वाट वाकडी का हाय ती. तितनं कळत न्हवतं.”

“मग तिथे थांबलीस का?” मी विचारलं. “उतरून बघितलं नाहीस?”

“पाय पुढं पडंना. मंग म्हनलं, आता चुकलोय. चुकल्यावर आनखी चालायचं न्हाय, हाक मारायची. शेळी चुकली तर ती बी तसंच करती.”

उतरताना तळ्यावर गेलो. काठावर महादेवाचं जुनं देऊळ आहे, थंडगार. पाण्यात डोकावून सानियाने निकाल दिला, “आमच्या उजनी धरणाच्या एका कोपऱ्याएवढं बी न्हाय.” पण पाय सोडून सगळ्यात जास्त वेळ तीच बसली. करवंदाला फळ कधी धरतं, ते तिने जनाकाकूंना तीनदा विचारून घेतलं.

जेऊर

परतीच्या गाडीत ओंकारने सगळ्यांना एका डब्यात गोळा करून शपथ घातली. ऋतुजा हरवली होती हे कोणी घरी सांगायचं नाही. सांगेल त्याच्या तोंडात पुढच्या शिमग्यापर्यंत आंबा जाणार नाही. सोळा मुलांनी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. तिने ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. “ताईचं काय, त्या बोलतच न्हाईत,” सानिया म्हणाली आणि तो विषय तिथे संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. भिगवणच्या पुढे रुळांच्या कडेने ज्वारीची मोकळी रानं सुरू झाली. ऋतुजा दारापाशी उभी राहून आपला सपाट मुलूख बघत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

“ऋतुजा, आबांनी मला विचारलं तर?”

“तुमास्नी न्हाय विचारणार.”

“विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण जे झालं ते सगळं सांगेन. माझं पण.”

“तुमचं काय?” तिने विचारलं.

मी सांगितलं. जाळी, ती पिशव्यांवाली मुलं, मी उघडून मिटलेलं तोंड. तिने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “एवढ्यासाठी?” मग थोड्या वेळाने, “बघा तुमी. तुमचं तुमी बघा.” त्यात राग होता की परवानगी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

फलाटावर आई-वडील, काका, मोटारसायकली अशी गर्दी होती. सरांनी शेवटची हजेरी घेतली. एक ते सतरा, अठरा. मुलं पांगायला लागली. आबा टोपी सारखी करत आले. त्यांनी नातीला खालीवर न्याहाळलं, तिच्या हातावरचे करवंदीच्या काट्यांचे ओरखडे बघितले.

“काय बाई, नीट ऱ्हायली का पोरगी?”

आत्या बोलायच्या आत सात-आठ मुलं एकदम म्हणाली, “लई नीट ऱ्हायली.” इतक्या एका सुरात, की आबांनी त्यांच्याकडे न बघता सरळ माझ्याकडे पाहिलं.

“तुमी मागं हुता न्हवं हिच्या? मंग तुमी सांगा. तुमी लई बोलत न्हाय म्हंत्यात पोरं. कमी बोलणारा खोटं बी कमी बोलतो.”

ऋतुजा फलाटाच्या फरशीकडे बघत होती. सानियाने गळ्याला पुन्हा एकदा चिमटा काढला, माझ्या वतीने. मान हलवली असती तरी चाललं असतं. माझ्या मान हलवण्याचा अर्थ आजवर ज्याला जो हवा तो त्याने घेतला होता.

मी पोटावर हात ठेवला.

“आबा, ती पाऊण तास हरवली होती,” मी म्हणाले. “ती वाट सोडून जाताना मी बघितलं. हाक मारायला हवी होती, मी मारली नाही. नंतर आकडा खोटा पडला तेव्हाही मी गप्प बसले. ती चुकली हे तिला कळलं, त्या क्षणी ती जागेवर थांबली आणि आम्हाला ऐकू जाईपर्यंत हाका मारत राहिली. मी तिच्या दुप्पट वयाची आहे, मला तेवढं जमलं नाही. तुम्ही घोटाळा कोणी केला म्हणून विचाराल, तर तो मी केला. तिला करमाळ्याला पाठवा.”